बंद पडलेला लॅपटॉप आणि गावाचे दप्तर

(पेण व रोहा तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीचे दप्तर म्हटले की पूर्वी लाल कापडात बांधलेल्या नोंदवह्या आणि कुलूपबंद लोखंडी कपाट डोळ्यांसमोर येत असे. २०११ मध्ये राज्यात 'संग्राम' प्रकल्प सुरू झाला, पुढे २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रे आली, १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि या दप्तराचा मोठा भाग पाहता पाहता यंत्रात गेला. शाळांचेही तेच झाले. कागदाला वाळवी लागली तर ती दिसे तरी. लॅपटॉपचे बटण दाबले आणि काहीच घडले नाही, तर आत काय झाले आहे हे बाहेरून कळत नाही. जन्माच्या दाखल्यासाठी एस. टी. ने आलेली बाई ओट्यावर बसलेली असते आणि तिला 'मशीन बंद आहे, उद्या या' असे सांगितले जाते. तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. दुःखाची गोष्ट ही, की अशा वेळी पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसतेच.

लॅपटॉप सुरू होत नाही, याचा अर्थ पहिल्याप्रथम इतकाच घ्यावा, की वीज भिंतीपासून यंत्राच्या पोटापर्यंतच्या वाटेवर कोठे तरी अडली आहे. ती वाट भिंतीपासूनच तपासावी. ज्या सॉकेटमध्ये चार्जर लावला आहे तेथे मोबाइलचा चार्जर किंवा टेबलावरचा दिवा लावून पाहावा. सैल झालेले सॉकेट आणि काळवंडलेला विस्तार-बोर्ड हे आपल्या कचेऱ्यांतील नित्याचे दोष आहेत. कमी दाबाच्या विजेला मात्र उगाच दोष दिला जातो. लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. म्हणजे २३० व्होल्टची वीज बरीच खाली आली, दिवा मिणमिणू लागला, तरी चार्जर आपले काम करू शकतो. त्याला घातक ठरतो तो वीज परत येतानाचा झटका.

भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात १९२७ पासून वीज निर्माण होते आणि तेथून सुटलेले पाणी कुंडलिकेतून रोह्यावरून खाली जाते. तरीही पावसाळ्यात याच नदीकाठच्या गावांत दिवे जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वीज गेली की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा आणि वीज आल्यावर काही मिनिटांनीच लावावा. विजांचा कडकडाट सुरू असताना तर तो काढलेलाच बरा. दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन मोडण्याची खोड काही ठिकाणी आढळते. ती पिन अर्थिंगची असते. ती मोडणे म्हणजे आपल्या हाताने धोका ओढवून घेणे होय.

सॉकेट ठीक असेल तर चार्जरकडे वळावे. भिंतीकडून येणारी वायर चार्जरच्या ठोकळ्यात जेथे शिरते तेथे ती हळूहळू सैल होते. ती घट्ट दाबली एवढ्यानेही लॅपटॉप सुरू झाल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. लॅपटॉपकडच्या टोकाशी वायर सतत वाकून आतल्या तारा तुटतात. दुसरा चार्जर लावून पाहायचा, तर त्यावरील व्होल्टचा आकडा तोच असला पाहिजे आणि वॅटचा आकडा तेवढाच किंवा अधिक असला पाहिजे. नव्या लॅपटॉपला टाइप-सी पिन असते, म्हणून मोबाइलचा चार्जर त्यात बसतो. तो बसला तरी लॅपटॉपला लागणारे ४५ किंवा ६५ वॅट त्याच्याकडून बहुधा मिळत नाहीत. लॅपटॉप खरेदी करताना त्याच कंपनीचा एक जादा चार्जर घेऊन त्याची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद केली, तर तो खर्च कधीही वाया जाणार नाही.

चार्जरही ठीक निघाला तर एक साधा उपाय करावा. चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह, प्रिंटरची वायर असे जे जे जोडलेले असेल ते काढावे. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी. मग सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. बटणावर लक्ष ठेवणारे एक लहानसे नियंत्रक आत असते. ते कधी कधी अडकून बसते आणि उरलीसुरली वीज निघून गेली की पुन्हा ताळ्यावर येते. त्यानंतर फक्त चार्जर लावून बटण दाबावे. मे महिन्याच्या सुट्टीत कपाटात बंद राहिलेल्या शाळेच्या लॅपटॉपची बॅटरी जूनमध्ये पार उतरलेली असते. अशा बॅटरीला आरंभी अगदी थोडी वीज दिली जाते. म्हणून चार्जर लावल्यावर किमान अर्धा तास धीर धरावा. सुट्टीपूर्वी बॅटरी निम्मी भरून ठेवली तर हा प्रसंगच येत नाही.

कधी दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी राहते. तेव्हा लॅपटॉप बंद नसून केवळ दिसत नाही, अशी शक्यता असते. कॅप्स लॉकचे बटण दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. स्क्रीनवर तिरपा टॉर्च धरावा. अक्षरे अंधुक दिसली तर दोष स्क्रीनच्या मागच्या दिव्यात आहे. शाळेतला प्रोजेक्टर जोडला तर त्या दिवसाचे काम भिंतीवर पाहून उरकता येते. याउलट बटण दाबताच ठराविक वेळा बीप वाजत असेल किंवा दिवा लुकलुकत असेल, तर ते मोजून लिहून ठेवावे. त्या आकड्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला दोषाचा माग लागतो.

पेणच्या खारपट्ट्यातील दमट, खारी हवा पिनांवर गंज चढवते. हमरापूर, जोहे परिसरातील मूर्तिशाळांत उडणारी माती आणि प्लॅस्टरची धूळ पंख्यात अडकून यंत्र तापते. तेथे लॅपटॉप वापरणाऱ्यांनी तो झाकून ठेवावा हे बरे. लॅपटॉपवर पाणी सांडले किंवा तो पुरात भिजला तर मात्र वरचे सर्व उपाय विसरावेत. 'चालतो का पाहू' म्हणून बटण दाबणे हीच तेव्हा सर्वांत मोठी चूक ठरते. तो तंबूसारखा पालथा ठेवून पाणी निथळू द्यावे आणि विलंब न लावता तंत्रज्ञाकडे न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने गंज थांबत नाही. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर ती दाबू नये, चार्ज करू नये, आणि कचऱ्यात तर मुळीच टाकू नये.

इतके करूनही यंत्र निपचित राहिले, तर ते दुरुस्तीला जाईल. मदरबोर्ड जळाला म्हणून नोंदी जळत नाहीत. त्या साठवणुकीच्या डिस्कवर असतात. अनेक लॅपटॉपमध्ये ही डिस्क काढून दुसरीकडे वाचता येते. म्हणून 'डिस्क पुसू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. आणखी एक बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. नव्या विंडोज यंत्रांत डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते आणि मदरबोर्ड बदलल्यावर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ज्या कर्मचाऱ्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला त्याच्या खात्यात ती किल्ली असते, आणि त्याची बदली होऊन गेलेली असते. ती आजच, लॅपटॉप चालू असताना, कागदावर उतरवून कचेरीच्या कपाटात ठेवावी आणि पदभार देताना यादीत तिची नोंद करावी. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन तर लॅपटॉपसोबत दुकानात कधीही जाऊ नये. ते काढून संबंधित अधिकाऱ्याने स्वतःजवळ ठेवावे आणि त्याचा पासवर्ड त्यावर चिकटवला असेल तर ती चिठ्ठी आधी फाडावी.