कागदाचे मखर आणि बारा पंचकोन

(समाजाच्या सभागृहात गणेशोत्सवाच्या पूर्वतयारीच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजघाटावर जो गेला आहे, त्याला वेगळे सांगायला नको. बाप्पा गेलेले असतात, पण थर्माकोलचे खांब आणि कमानी तापीच्या पाण्यात पायऱ्यांशी हेलकावे खात असतात. माती विरघळते, थर्माकोल विरघळत नाही. म्हणून आम्ही सजावटीच्या मंडळींनी यंदा मखर कागदाचे करायचे ठरवले, आणि मखराभोवती टांगायला बहुफलक निवडले. मोजमापाला संगणक घेतला. तो नेमके काय करतो, एवढेच आज सांगायचे आहे.

बहुफलक हा शब्द जड वाटला तरी वस्तू घरातलीच आहे. लुडोचा फासा म्हणजे सहा चौरसांचा बहुफलक. सर्व फलक सारखे, सर्व कोपरे सारखे, असे फुगीर आकार जगात पाचच आहेत. पाचच का, हे मुलांना कागदाने दाखवता येते. एका कोपऱ्यावर किमान तीन फलक हवेत, आणि त्यांच्या कोनांची बेरीज 360 अंशांहून कमी हवी. नाहीतर कागद सपाटच राहतो, वर उठत नाही. समभुज त्रिकोण 60 अंशांचा, म्हणून तीन, चार किंवा पाच बसतात. चौरस तीनच. पंचकोनाचा कोन 108, तीन मिळून 324, उरलेल्या 36 अंशांच्या फटीमुळेच आकार उभा राहतो. षट्कोन तीन घेतले की 360 पुरे झाले, फरशी तयार! हे पाचही आकार युक्लिडच्या ग्रंथात आहेत, आणि सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी ते ‘रेखागणित’ या ग्रंथातून संस्कृतात आणले, तेही अरबी संस्करणावरून. बुऱ्हाणपूरकरांना या देवघेवीचे नवल वाटू नये.

आता संगणक. आकार उलगडून सपाट केला की त्याला ‘घडण’ म्हणतात. आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांच्या कानावर हा शब्द क्वचितच पडतो. म्हणून आम्ही तो मुद्दाम वापरतो. फाशाच्या घडणी 11 होतात. बारा पंचकोनांच्या आकाराच्या 43,380! हाताने एक काढायची तरी पंचकोनाला पंचकोन जोडत जाताना कंपास जरासा हलतो आणि शेवटच्या कडा जुळत नाहीत. तिथे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ‘स्टेला’ हे खास बहुफलकांसाठीच केलेले आहे. आम्ही मात्र फुकट मिळणारे ‘ब्लेंडर’ घेतले. त्यात कागदी नमुना काढण्याची जोड आहे; ती कुठे कापायचे, कुठे दुमडायचे आणि गोंदाची पट्टी कुठे, हे आखून देते. नक्षी ‘इंकस्केप’मध्ये. कडा 12 सेंटिमीटर ठेवली तर साध्या ए-फोर कागदावर एक पंचकोन बसतो. बारा कागद, आणि सुमारे 27 सेंटिमीटर उंचीचा गोळा तयार. मुलांनी 20 कोपरे, 30 कडा, 12 फलक मोजून ऑयलरचे सूत्र पडताळले: वीस वजा तीस अधिक बारा, दोन. शाळेत हेच पाठ करायला कुरकुर करतात.

खरी गंमत नक्षीत आली. ठिपक्यांची रांगोळी चौरसावर बसते, त्रिकोणावरही बसते, पंचकोनावर काही केल्या बसेना. आमच्यापैकी दोघे-तिघे तर पंचकोनच सोडून द्या म्हणत होते. मग एका आजींनी विचारले, “अहो, जास्वंदीला पाकळ्या किती?” पाच! बाप्पाचे फूल बारा फलकांवर बारा वेळा उमलले. मग वीस त्रिकोणांच्या आकारावर दूर्वेच्या तीन-तीन पात्यांच्या वीस जुड्या आल्या, आणि खालच्या टोकाला खरी जुडी बांधून एकवीस पूर्ण केल्या. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने सुचवले नसते. रंग शोधायला आम्ही किल्ल्यातल्या हमामखान्यातही जाऊन आलो. छताची रंगीत नक्षी बरीच उडाली आहे, तरी उरलेल्या भागातून विटकरी लाल उचलण्यासारखा आहे.

काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे, की यंत्र आले म्हणजे हात गेला. आम्हाला तसे वाटत नाही. मोजणे यंत्राकडे गेले. कातरणे, दुमडणे, चिकटवणे आणि रंगवणे हातांकडेच आहे, आणि त्यासाठी आज हात कमी पडतात. मागे टी. सुंदर राव नावाच्या मद्रास इलाख्यातल्या महसूल अधिकाऱ्यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारे पुस्तक लिहिले होते. कचेरी सांभाळून ते झाले, तर आम्हा सरकारी नोकरांना रविवारची दुपार काढणे जड नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. हे गोळे पाण्यात जाणार नाहीत. प्रत्येकाची एक शिवण गोंदाऐवजी दोऱ्याने बांधली आहे. ती सोडली की गोळा सपाट होतो आणि पुढच्या वर्षासाठी पेटीत राहतो. घडणींच्या छापील प्रती सभागृहात ठेवल्या आहेत. कागद जाड, पण शिसपेन्सिलीच्या दाबाने घडी पडेल इतकाच जाड हवा. अजून सात गोळे व्हायचे आहेत. रविवारी तीन वाजता या, कात्री मात्र घरूनच आणा. मागच्या वेळी चौदा मुलांत दोनच कात्र्या होत्या.