देवळामागचे तळे
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत फायली सांभाळणारा साधा कारकून. परंतु तळ्याची हकिगत चारचौघांत सांगावी, असा समितीचा आग्रह पडला, म्हणून उभा आहे.

आपणांस ठाऊकच आहे की, भक्तनिवास प्रथम देवळामागच्या मोकळ्या जागेत धरला होता. जुनी माणसे म्हणत, "तिथे तळे होते. बहात्तरच्या दुष्काळात आटले, मग गाळाने बुजले." तरुण म्हणत, "असते तर नकाशात दिसले असते." मी नकाशा पाहिला. शेतांचे गट नंबर होते, पण गावठाणाच्या आत सगळे कोरे. स्वामित्व योजनेखाली गावठाणांची तपशीलवार मोजणी ड्रोनने सुरू झाली ती २०२० साली. तिला बुजलेले तळे कसे दिसणार?

पुरावा मिळाला तो आकाशातून. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने ‘कोरोना’ नावाचे हेर उपग्रह फिरवले. अलीकडच्या साथीशी या नावाचा काही संबंध नाही. रोख रशिया व चीनवर होता, पण आपल्या मुलखाचीही छायाचित्रे निघाली. फिल्मचा डबा हवाई छत्रीने खाली सोडत आणि विमान तो समुद्रावर अधांतरी झेलत असे. १९९५ साली अशी आठ लाखांहून अधिक छायाचित्रे जगाला खुली झाली.

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या ‘अर्थ एक्स्प्लोरर’ या संकेतस्थळावर ती शोधता येतात. माझ्या पुतण्याने नकाशावर आपल्या गावाची खूण केली, साल टाकले आणि यादी समोर आली. स्कॅन झालेले चित्र फुकट मिळते. झालेले नसेल तर एका चित्राला तीस डॉलर पडतात. मात्र एकाने पैसे भरले की पुढे ते सर्वांनाच फुकट. देणगीदारांना हे काय सांगावे! पाणपोई एक जण घालतो, पाणी वाटसरू पितात.

चित्र काळे-पांढरे. आधी काहीच उमगेना. मग ओढ्याचे वळण, टेकडी आणि देऊळ या तीन न हललेल्या खुणा धरल्या. देवळामागे काळा चौकोन दिसला. पण काळे ते सगळे पाणी नव्हे. सावली असते, भिजलेली काळी जमीनही असते. म्हणून दुसऱ्या वर्षाचे चित्र काढून ताडून पाहिले. चौकोन त्याच जागी, कडा तशाच सरळ. माझ्या थोरल्या आत्याला दाखवले. तिने पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "ही बघ पायवाट. ह्याच वाटेने मी घागर घेऊन जायची." घरात कोणी काही बोलले नाही.

पुढे समितीने खड्डा घेऊन पाहिले. खाली काळा गाळ आणि त्याखाली घडीव दगडाची पायरी! गाळावर पाया घातला असता तर इमारत खचली असती आणि आपले पैसे मातीत गेले असते. भक्तनिवास पूर्वेला हलवला, तो याच कारणाने.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तेव्हापासून दोघेतिघे बांधाचा वाद घेऊन माझ्याकडे आले. बाबांनो, चित्र कडेला ताणलेले असते, त्यावर फूटपट्टी लावून बांध ठरत नाही. जमीन कोणाची हेही ते सांगत नाही. त्यासाठी सातबारा आहे, सरकारी मोजणी आहे. कुठे काय होते, एवढेच ते सांगते.

पण तेवढेही थोडे नाही. ही चित्रे बहात्तरच्या दुष्काळी कामांच्या आधीची आहेत. उजनीचे धरण १९८० साली झाले. त्याच्या पाण्याखाली गेलेली शिवारेही या चित्रांच्या काळी उघडी होती.

माझी विनंती एवढीच की, घरातल्या वडीलधाऱ्यांना या चित्रासमोर बसवा आणि ते बोट ठेवतील त्या जागेचे नाव लिहून घ्या. चित्र पुढेही मिळेल, सांगणारे माणूस मिळणार नाही. आणि देवाच्या कृपेने कळस चढला, आता तळ्यातला गाळही निघावा, ही प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवतो.

रामकृष्ण हरी.