मधमाशीचं विष आणि ऑफ-स्विच

लोकलमध्ये असाल तर आधी हेडफोन लावा, विषय जरा लाजेचा आहे. गुप्तरोग, म्हणजे त्यातले जिवाणूंमुळे होणारे.

एका मित्राला लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या घेतल्या आणि मला म्हणाला, "यावर काहीतरी नवीन येतंय ना रे, जनुकाचं?" मी सॉफ्टवेअरवाला, पण शोधत बसलो.

मॉस्कोच्या संशोधकांचं 2002 सालचं काम सापडलं. क्लॅमिडिया हा जिवाणू आपल्या पेशीच्या आत शिरून तिथेच वाढतो. मायकोप्लाझ्माला तर पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिका बनू न देणारं पेनिसिलिन त्याच्यावर चालतच नाही. या लोकांनी विचार केला, औषध बाहेरून कशाला? पेशीलाच रेसिपी देऊ.

रेसिपी मेलिटिनची. मधमाशीच्या विषातला मुख्य घटक, जेमतेम 26 अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पटलाला भोकं पाडते. तिचं जनुक प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर बसवून प्रयोगशाळेतल्या हेला पेशींमध्ये घातलं. (या पेशी 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या, त्यांना न विचारता. त्यावर वेगळा एपिसोड करू.) पेशींनी मेलिटिन बनवलं आणि दोन्ही जिवाणूंचा संसर्ग दबला.

पण मेलिटिनला आपलं-परकं कळत नाही, ते आपल्या तांबड्या पेशीही फोडतं. म्हणून जनुकाला टेट्रासायक्लिनने नियंत्रित होणारा स्विच जोडला होता. आता गंमत बघा, टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली औषधं स्वतःच क्लॅमिडियाला आवरतात! मग श्रेय कोणाचं? आमच्याकडचा कुठलाही टेस्टर हे आधी विचारेल. औषध तेच, पण प्लास्मिडवर मेलिटिन नाही, अशी जोडी शेजारी असल्याशिवाय असा निकाल मी तरी मानणार नाही.

शिवाय हे बशीतल्या पेशींमध्ये. शरीरात प्लास्मिड नको त्या पेशीत गेलं तर? ॲपमध्ये बग आला की मी रोलबॅक करतो. इथे काय करणार?

मित्राला म्हटलं, "भावा, क्लॅमिडियाच असेल तर आजही साधा इलाज आहे, डॉक्टर सहसा सात दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. पण आधी तपासणी कर, आणि वहिनीचीही. बायकांना बऱ्याचदा काहीच त्रास जाणवत नाही, आणि आत बीजवाहिन्या खराब होतात. पुढे मूल होणं अवघड."

त्याने क्रिकेटचा विषय काढला. रात्री साडेअकराला मेसेज आला: "लॅब कुठली? दोघांची करायचीय."