कहाऊच्या बिळाचे दार

अटलांटिक महासागरात, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरांवर, बर्म्यूडा नावाचा बेटांचा पुंजका आहे. जुने स्पॅनिश खलाशी त्यांना सैतानाची बेटे म्हणत. कारण काळोख्या रात्री तिथून भेसूर ओरडा ऐकू येई. तो ओरडा कहाऊ पक्ष्यांचा. अंगाने कबुतराएवढा हा पक्षी आयुष्याचा बहुतेक काळ समुद्रावर काढतो. जमिनीवर येतो तो रात्रीचा, बिळात वर्षाला एकच अंडे घालण्यासाठी.

स्पॅनिशांनी बेटांवर डुकरे सोडली. त्यांनी बिळे उकरली. मग इंग्रज वसाहतवाले आले. माणसाला न भिणारे हे पाखरू हाताने धरता येई. अन्नाच्या टंचाईत त्याची बेसुमार कत्तल झाली. १६१६ साली गव्हर्नराने मनाईहुकूम काढला खरा. पण उंदरामांजरांना तो वाचून कोण दाखवणार? १६२० नंतर थोड्याच वर्षांत कहाऊ नामशेष झाला, असे सगळ्यांनी धरून चालले.

आणि १९५१ साली, मर्फी आणि मोब्रे या दोघा पक्षितज्ज्ञांना कॅसल हार्बरमधल्या उघड्या खडकांवर कहाऊची घरटी सापडली! बरोबर डेव्हिड विंगेट नावाचा पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता.

पण पक्षी सापडला म्हणून वाचला, असे नाही. खडकावर बीळ करायला माती नसते, म्हणून कहाऊ कपारीत शिरे. त्याच कपारी तिथल्या लाँगटेल या लांब शेपटीच्या पक्ष्यालाही हव्या असत. मार्चमध्ये तो येई आणि कहाऊचे नुकते फुटलेले पिल्लू मारून टाकी. यावर उपाय काय झाला, ठाऊक आहे? कपारीच्या तोंडाशी मापून कापलेले भोक असलेली एक लाकडी फळी! कहाऊ आत जाईल, त्याहून थोडा मोठा लाँगटेल मात्र अडेल. शिवाय सिमेंटची बिळेही बांधली गेली. साठच्या सुमारास अवघी १८ जोडपी उरली होती. विंगेटने या पाखरासाठी सारे आयुष्य वेचले आणि शेजारच्या नॉनसच बेटावर मूळची झाडी पुन्हा उभी केली.

ही दूरदृष्टी कामी आली. २००३ सालच्या फेबियन वादळाने खडकांवरची बिळे उद्ध्वस्त केली. विंगेटनंतर काम पाहणाऱ्या जेरेमी मदैरोस यांनी २००४ ते २००८ या काळात शंभराहून अधिक पिल्ले उंचावरच्या नॉनसचवर नेली आणि हाताने मासळी भरवून वाढवली. जिथून पिल्लू पहिली भरारी घेते, तिथेच ते मोठेपणी परतते, हे त्यामागचे मर्म. २००९ साली नॉनसचवर पहिले अंडे फुटले.

आज कहाऊंची जोडपी शंभरावर आहेत. वाढता समुद्र आणि चोरून पोहत येणारे उंदीर यांची धास्ती मात्र संपलेली नाही. म्हणून घरट्यांच्या दिवसांत आजही बीळ न् बीळ तपासले जाते, पिल्लू न् पिल्लू तोलले जाते. चार शतकांपूर्वी हुकमाला जे साधले नाही, ते या रोजच्या राखणीने साधले आहे.