संस्थापकांनंतरची संस्था

(शिक्षणसंस्थांचे कार्यकर्ते व मुख्याध्यापक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण शाळा चालविणारी मंडळी. मी लेखणी चालविणारा. त्यामुळे उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. अनुदान, रिक्त पदे, घटती पटसंख्या हे आपले प्रश्न खरे आहेत. तरीही एक प्रश्न विचारतो. उद्या आपण नसलो, तर आपली शाळा त्याच निष्ठेने चालेल काय?

या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या इतिहासात आहे. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. लवकरच आगरकर येऊन मिळाले. दोनच वर्षांत, १८८२ मध्ये, विष्णुशास्त्री गेले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे निवर्तले. त्यांच्या जागी आलेले आगरकर १८९५ मध्ये गेले. विष्णुशास्त्री, आपटे, आगरकर या तिघांपैकी एकानेही वयाची चाळिशी पाहिली नाही!

पंधरा वर्षांत एवढे आघात सोसून संस्था टिकली कशी? केवळ थोर माणसांमुळे म्हणावे, तर ती माणसेच एकामागून एक जात होती. संस्था टिकली ती त्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनामुळे. आजीव सदस्याने तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा द्यायची, आणि शिकविणाऱ्यांनीच कारभारही पाहायचा, ही ती व्यवस्था. संस्था कोणा घराण्याची मिरास नव्हती. टिळकांशी झालेला वादही खुर्चीसाठी नव्हता. आजीव सदस्याने बाहेरची मिळकत घ्यावी की सारा वेळ संस्थेलाच द्यावा, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. ज्या घरात त्यागाच्या मर्यादेवरून भांडण होते, ते घर सहजासहजी मोडत नाही.

टिळक गणित शिकवीत. ते गेल्यावर १८९१ मध्ये त्या विषयासाठी धोंडो केशव कर्वे आले. गोखल्यांनी प्राध्यापकी सांभाळून महाविद्यालयाच्या इमारतीसाठी दारोदार निधी मागितला. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांना मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या होत्या. पण ते फर्ग्युसनमध्ये आले आणि १९०२ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, प्राचार्य झाले. ज्येष्ठांनी तरुणाला वाट करून दिली, हेही सेवेचेच अंग.

कर्व्यांनी हा धडा पुढे नेला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्यास गेला. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून ते तेथवर पायी जात. परंतु आपल्या पायांवर संस्था फार काळ चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ स्थापिला, संस्थेला आजन्म वाहून घेणारे सेवक घडावेत म्हणून. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. ते आजही नांदते आहे.

आज वीस वर्षांची शपथ आपण कोणाकडून घेऊ शकणार नाही. शिक्षकाच्या पोटाला चिमटा घेऊन त्यास त्याग म्हणणे हा तर अन्यायच. त्याग वरून सुरू व्हावा लागतो. म्हणून तीनच गोष्टी सुचवितो. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून काही तास तरी स्वतः वर्गावर घ्यावेत. संस्थेचा हिशेब शिक्षकांसमोर उघडा ठेवावा. आणि आपल्या कामात आजच एक सहकारी तयार करावा, मग तो आपल्या नात्यातला नसला तरी चालेल. किंबहुना नसलेलाच बरा!

आपल्यावाचून शाळेचे अडते, याचा काहींना अभिमान वाटतो. वास्तविक ती काळजी करण्याजोगी गोष्ट आहे. आपण निवृत्त व्हाल त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा नेहमीच्या वेळी वाजावी, वर्गावर शिक्षक वेळेवर पोहोचावा, यातच आपल्या सेवेचे सार्थक आहे.