लेकराच्या प्रश्नाला उत्तर द्या

मागल्या खेपेस आपण वयात येणाऱ्या मुलामुलींविषयी बोललो. त्यात एक गोष्ट राहून गेली, ती आज सांगतो. ऐकताना लाज वाटेल. वाटू द्या, पण उठून जाऊ नका.

एखादे लेकरू असे असते की अंग मुलाचे, पण मन म्हणते मी मुलगी. किंवा अंग मुलीचे, आणि मन म्हणते मी मुलगा. हे सोंग नव्हे, करणी नव्हे, आणि वेडही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांची नवी यादी मंजूर केली. मनाच्या आजारांतून ही गोष्ट तिने काढून टाकली.

पण घरात लेकराला काय ऐकू येते? "काहून रे, बायकांवानी चालतो?" बाप मारतो. माय नवस बोलते. कोणी त्याला सैलानीला नेतो, कोणी मांत्रिकाकडे. वय मात्र थांबत नाही. मन मुलीचे आणि ओठावर मिशी फुटू लागली, की त्या लेकराला आरशात पाहवत नाही. मन मुलाचे आणि पाळी सुरू झाली, तरी तसेच. आणि कोणावर जीवही जडतो, जसा सगळ्यांचा जडतो. मग विचारावे कोणाला?

अशा वेळी एखादा गोड बोलणारा भेटतो. तो म्हणतो, "तू माझ्यासाठी बाईच आहेस." उभ्या जन्मात असे कोणी म्हटलेले नसते. लेकरू भुलते. तो मोबाइलवर फोटो काढतो. पुढे त्याच फोटोचा धाक घालतो, पैसे मागतो, नको ते करायला लावतो. घरी सांगावे तर घर आधीच रागावलेले. मग लेकरू एका रात्री मलकापूर किंवा शेगावला गाडीत बसते आणि जाते. माय वाट पाहत राहते.

म्हणून हे घरातच सांगायला हवे, आणि आधी सांगायला हवे. काय सांगाल? तुझे अंग तुझे आहे. तुझ्या मर्जीवाचून कोणी हात लावता कामा नये. प्रेमाची गोष्ट दोघांनी मिळून गुपित ठेवणे वेगळे, आणि धाक घालून गुपित ठेवायला लावणे वेगळे. अठरा वर्षांच्या आतल्या लेकराशी कोणी लैंगिक चाळा केला तर तो गुन्हा आहे. २०१२ चा कायदा लेकरू मुलगा की मुलगी हे पाहत नाही. १०९८ हा फोन मुलांसाठी आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मोठेपणी संबंध आला तर निरोध वापरावा. सरकारी दवाखान्यात एच.आय.व्ही.ची तपासणी फुकट होते. आणि कोणाच्या सांगण्यावरून संप्रेरकाच्या गोळ्या घेऊ नयेत, चोरून अंग कापून घेऊ नये. त्यात जीव जातो. आधी डॉक्टर.

"लग्न लावून दिले की सुधारेल," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते याहून वाईट सल्ला नाही. त्यात दुसऱ्याच्या घरचे लेकरूही फसते.

तुम्ही म्हणाल, अशा गोष्टी बोलणे भल्या माणसाचे काम नव्हे. तर ऐका. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवीत. ते १९२७ साली निघाले आणि १९५३ पर्यंत चालले. वाचक लाजत लाजत पत्र लिहून शरीराचे प्रश्न विचारीत, कर्वे उत्तर छापीत. अशा उत्तरांवरून १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लोक जाणून घ्यायला विचारतात, तर उत्तर देणे अश्लील कसे, असे त्यांचे म्हणणे होते. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांना त्या प्रश्नांची लाज वाटली नाही.

आणि असे लेकरू पुढे वायाच जाते, असेही नाही. आपल्या शेजारी जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक गाव आहे. तिथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीला बायकांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. अधिकाऱ्याने तो नाकारला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना उभे राहू दिले. गावाने मते दिली आणि त्या निवडून आल्या.

कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. चारचौघांत विचारवत नसेल तर चिठ्ठी लिहा, आता तुम्हाला लिहिता येते. नाव घालू नका. दाराशी डबा ठेवला आहे, त्यात टाका. पुढल्या बुधवारी मी चिठ्ठ्या वाचीन आणि उत्तरे देईन.