तीन लाखांची गाडी, सतरा लाखांचे पार्ट

 

मला एक प्रश्न सारखा येतो. "दादा, तीन लाखांत दीडशेच्या वर हॉर्सपॉवरची सेकंडहँड गाडी मिळतेय. घेऊ का?" आज त्याचं उत्तर देतो. कारण असली गाडी मी तीन वर्षं सांभाळली आहे. सांभाळली म्हणजे काय, तिनेच मला नाचवलं म्हणा.

कंपनीचं नाव सांगत नाही. उगाच त्यावरून भांडणं नकोत, आणि गोष्ट एका कंपनीची नाहीच आहे. २०११ ची युरोपियन सेदान, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १६० हॉर्सपॉवर. नवी होती तेव्हा सतरा लाखांच्या आसपास. २०२१ मध्ये मी घेतली तीन लाख दहा हजारांना.

टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. तोपर्यंत मी घरची जुनी हॅचबॅक चालवायचो, तिला जेमतेम साठ-सत्तर हॉर्सपॉवर. ओव्हरटेक करायचा तर आधी मनाची तयारी करावी लागायची. इथे नुसता विचार केला की ट्रक मागे. डॅशबोर्ड बघितला, एकही दिवा पेटलेला नाही. म्हटलं, लॉटरी लागली.

चौथ्या दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागला.

आता ही गाडी स्वस्त का मिळते ते समजून घ्या. दहा वर्षांत गाडीची किंमत सतरावरून तीनवर येते. पण पार्टची किंमत? ती सतरा लाखांच्या गाडीचीच राहते. वॉटर पंपाला माहीत नसतं की तुम्ही गाडी तीन लाखांत घेतली आहे! त्यात टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनमध्ये जास्त हवा कोंबतो, म्हणून ताकद मिळते. पण बॉनेटखाली उष्णताही वाढते. त्या उष्णतेत प्लॅस्टिकचे पार्ट, रबरी पाइप, वायरिंगचे कनेक्टर दहा-बारा वर्षांत कडक होतात आणि तडकतात. म्हणजे पहिला मालक गाडीची मजा घेतो, दुसरा तिची कामं काढतो.

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिला आणि बाबांना कराडला सोडायला निघालो. आईच्या डोळ्यावर पट्टी. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि टेम्परेचरचा काटा वर सरकला. मी म्हटलं, घाट संपेपर्यंत जाईल. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सत्तावीस वर्षं. त्यांनी काट्याकडे एकदाच बघितलं.

"एसी बंद कर. हीटर फुल सोड. बाजूला घे आणि इंजिन बंद कर. आत्ता."

घेतली बाजूला. मी खाली उतरून कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायला गेलो, तर त्यांनी मनगटच धरलं. "हात लावू नकोस. उकळतं पाणी तोंडावर येईल."

पंपाचं प्लॅस्टिकचं हाउसिंग तडकलं होतं. खाली कूलंटचा ओघळ. टोइंगची गाडी यायला तीन तास लागले. ते तीन तास आई कठड्याच्या सावलीत, साडीचा पदर डोळ्यावर धरून बसली होती. शेजारून ट्रक जातायत, धूळ उडतेय, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की धुळीपासून जपा. आई एक शब्द बोलली नाही. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

डोळ्याला काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री बाबा एवढंच म्हणाले, "गाडी वाईट नाही रे. तू विकत घ्यायचा हिशोब केलास. ठेवायचा केलाच नाहीस."

मग मी वहीत हिशोब लिहायला लागलो. तीन वर्षांचा आकडा सांगतो. वॉटर पंप २६ हजार. कॉइल आणि प्लग १८ हजार. टायमिंग चेन आणि टेन्शनर ६२ हजार. क्लच आणि फ्लायव्हील ९६ हजार. टायर ३२ हजार. सस्पेन्शन २८ हजार. नेहमीची सर्व्हिस आणि इंजिन पीत होतं ते ऑइल, ३८ हजार. बेरीज बरोब्बर तीन लाख. छत्तीस महिन्यांनी भागा, महिन्याला आठ हजार तीनशे. पेट्रोल वेगळं, इन्शुरन्स वेगळा. म्हणजे ईएमआय होताच, फक्त त्याची तारीख ठरलेली नव्हती.

२०२४ मध्ये विकायला काढली. तेव्हा पिवळा दिवा पुन्हा लागला होता, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड. गॅरेजवाले काका सहज म्हणाले, "स्कॅनरने पुसून देतो. दीड-दोनशे किलोमीटर दिवा येणार नाही. तेवढ्यात विकून टाक."

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मला ती गाडी अशीच विकली गेली होती!

गाडी बघायला एक मुलगा आला. तेवीस-चोवीसचा असेल, पहिलीच गाडी. चक्कर मारून आला तेव्हा त्याचे डोळे अगदी माझे २०२१ चे. "दादा, दोन वीस फायनल, उद्या टोकन देतो." दिवा मी पुसला नव्हता, पण त्याचं लक्षच नव्हतं. गप्प बसलो असतो तर व्यवहार झाला होता. खरं सांगतो, मी पाचेक मिनिटं गप्प बसलोही. मग मला तो कठडा आठवला. त्याचीही आई मागच्या सीटवर बसणार होतीच की.

वही आणि बिलांची फाइल त्याच्या हातात दिली. दिवा दाखवला. २०२६ ला पंधरा वर्षं होतील, पुन्हा पासिंग करावं लागेल, तेही सांगितलं. तो गेला. आठवड्याने फोन आला, "दादा, एक साठला देता का? उरलेले कामाला ठेवतो." दिली. साठ हजार कमी मिळाले. पण तो हिशोब करून आला होता, जो मी केला नव्हता.

तर मंडळी, घ्यायचीच असेल तर एवढं करा. हजार-पंधराशेपर्यंत ओबीडी स्कॅनर मिळतो, तो लावा. नुसते कोड बघू नका, 'रेडीनेस मॉनिटर' बघा. बरेचसे 'इनकम्प्लीट' दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती, असं समजा. गाडी बघायला गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवली आहे. थंड इंजिनचा आवाज ऐकल्याशिवाय बोलणी नको. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर करून घ्या. आणि बजेट तीन लाख असेल तर दोनचीच गाडी बघा, एक लाख बाजूला ठेवा.

आणि घरात दुसरी गाडी नसेल, सकाळी वेळेवर पोचायची सक्ती असेल, तर नका घेऊ. सरळ सांगतो.

तिची आठवण येते का? येते. तिसऱ्या गिअरमध्ये तर फार येते. पण आता आईला आणायला जातो ते साध्या, बिनटर्बोच्या हॅचबॅकने. घाटात ट्रकच्या मागे चालतो. आई मागे निवांत झोपते.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा.